दुसुतीवरचा रामा

जगात माणसं किती प्रकारची असतात, असं आमच्या आत्यांना विचारा. हातातली सुई खाली न ठेवता त्या सांगतील, "सहा." सोशिक सून, खाष्ट सासू, गरीब पण प्रामाणिक तरुण, मिशीवाला खलनायक, ओठ रंगवलेली नटवी आणि खांद्यावर पंचा टाकून दात काढणारा रामा गडी. जुन्या काळ्या-पांढऱ्या सिनेमात एवढीच माणसं असतात, आणि जे सिनेमात नाही ते आत्यांच्या मते जगात नाही. ही मंडळी त्यांनी दुसुतीच्या कापडावर फुलीच्या टाक्याने इतक्यांदा भरली आहेत, की त्यांच्या गिरगावातल्या दोन खोल्यांत उशीवर डोकं टेकायचं म्हणजे कोणाच्या तरी तोंडावरच टेकावं लागतं.

या माझ्या नवऱ्याच्या आत्या. लग्न केलं नाही, जन्मभर बँकेत नोकरी केली, तीही बिनबाह्यांचं पोलकं घालून. म्हणजे त्यांच्याच यादीप्रमाणे त्या नटवीत मोडतात. पण हे त्यांना तोंडावर सांगायची आमच्या घरात अजून कोणाची छाती झालेली नाही.

नमुने त्या स्वतः काढतात. रविवारी दुपारी सिनेमा लावायचा, रिमोट माझ्या नवऱ्याच्या हातात द्यायचा आणि आपण चौकटीचा कागद मांडीवर घेऊन बसायचं. "थांबव. जरा मागे ने. तिचा पदर मोजू दे." नायिका रडायला लागली की आमच्या रविवारचं वाटोळं झालंच म्हणून समजा, कारण एकेका अश्रूला चार-चार फुल्या लागतात. मी एकदा विचारलं, "आत्या, सिनेमा काळा-पांढरा, मग साडी हिरवी कशावरून?" तर म्हणाल्या, "सोशिक बाई हिरवंच नेसते." माझ्या लग्नात त्यांनी मला उशीचा अभ्रा दिला. त्यावर सून सासूच्या पाया पडते आहे, आणि सासूच्या एका पायाला सहा बोटं. मी दाखवून दिलं, तर "एक चौकट उरली होती," एवढंच उत्तर मिळालं. तो अभ्रा दिसला की माझ्या सासूबाई अजून साडीत पाय ओढून घेतात.

इथवर सगळं हसण्यावारी जायचं. बाबांच्या पंचाहत्तरीला मात्र कहर झाला. माझे बाबा काळाचौकीचे, मूळ कोकणातले. गिरणी बंद पडेपर्यंत गिरणीत होते. जेवणाआधी आत्यांनी पिशवीतून एक फ्रेम काढली. आत रामा गडी. अर्धी चड्डी, खांद्यावर पंचा, हातात कपबशांचा ट्रे आणि कानापासून कानापर्यंत दात. "खास तुमच्या कोकणातला, म्हणून मुद्दाम भरला," त्या अगदी कौतुकाने म्हणाल्या. माझं डोकंच फिरलं. कारण माझे आजोबा गावाहून मुंबईत आले ते गिरगावात एका घरी भांडी घासायलाच, आणि गिरणीत चिकटेपर्यंत तिथल्याच जिन्याखाली राहिले. आमच्या घरात हा विषय सहसा कोणी काढत नाही.

बाबांनी चष्मा लावला, फ्रेम जवळ धरली. मग हळूच म्हणाले, "माझ्या बापाशीक सगळे रामाच म्हणीत. नाव तेंचा भिकाजी." आणि आत्यांना नीट कळावं म्हणून शुद्ध बोलीत, "पण ते असे हसत नसत हो."

आत्यांनी फ्रेम परत पिशवीत घातली आणि श्रीखंडाला हातही न लावता निघाल्या. मी नवऱ्याला सांगितलं, तुझ्या आत्यांना पुन्हा माझ्या बाबांसमोर आणू नकोस. मी बोलले ते बोलले, त्याचं मला अजून वाईट वाटत नाही.

पंधरा दिवसांनी त्या कोणाला न सांगता एकट्याच काळाचौकीला गेल्या. कापड तेच होतं, पण पंचा, ट्रे, दातांसकट अख्खा चेहरा, सगळं उसवलेलं. नुसती भोकं राहिली होती. मांडीवर चौकटीचा कागद घेऊन त्यांनी बाबांना विचारलं, "भिकाजीरावांचं नाक कसं होतं?"

आजोबांचा एकही फोटो नाही. बाबा बराच वेळ आठवत बसले. नाक काही आठवेना. कान आठवले, मोठे होते म्हणे. तेव्हापासून आत्या दर गुरुवारी जातात. एका गुरुवारी भुवई ठरते, पुढच्या गुरुवारी बाबा म्हणतात, "नाही हो, अशी नव्हती," की आत्या मुकाट्याने ती उसवतात. मोतीबिंदूचं ऑपरेशनही त्यांनी यासाठीच पुढे ढकललंय. मी भिकाजींची सख्खी नात, पण इतक्या वर्षांत बाबांना हे विचारायचं मला सुचलं नव्हतं. त्याची लाज वाटते, ती इथे सांगून टाकते.

गेल्या गुरुवारी मी त्यांना सुईत दोरा ओवून देत होते. आजोबांच्या हनुवटीपाशी येऊन आत्यांचा हात थांबला.

"आमच्याकडेही एक रामा होता," त्या म्हणाल्या. "मला कडेवर घेऊन चौपाटीवर न्यायचा. गोवर आला होता तेव्हा मी त्याच्याशिवाय कोणाच्या हातचं खायचे नाही."

"त्यांचं नाव काय होतं?" मी विचारलं.

आत्यांनी सुई कापडात खोवली. "महिनाभर तेच आठवतेय गं," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे कोणी त्याला विचारलंच नव्हतं."