लेकीच्या खाणीतला दगड

आज आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्या सोनगीरमध्ये घरोघरी लेकी माहेरी आल्यात. माझी नाही आली. तरी सकाळी अंगणातल्या निंबाला मी झोका बांधलाच.

शेजारीण म्हणाली, "अक्का, पोर ते परदेशमा शे. झोका कोनाकरता?"

माझी लेक ऑस्ट्रेलियात लिथियमच्या खाणीवर कामाला आहे. दुपारी व्हिडिओ कॉलवर तिने करड्या दगडांचा ढीग दाखवला. "आई, हा दगड इथून चीनला जातो. तिथे शुद्ध होतो, बॅटरीत बसतो आणि तुझ्या स्कूटरमधून धुळ्याला जातो."

"आणि चीनने अडवला तर?"

"तीच भीती आहे. म्हणून जो तो देश आपापली सोय बघतोय, अन् इथे कामाची नुसती घाई. सुट्टी मिळाली नाही ती त्यामुळेच."

फोन ठेवला आणि ओट्याजवळ चार्जिंगला लावलेल्या स्कूटरकडे बघत बसले. एवढे देश फिरून तिच्या हाताखालचा दगड माझ्या दारात पोचतो. ती तेवढी पोचत नाही.

संध्याकाळी झोक्यावर मीच बसले.

ज्यांच्याकडे आज लेक आलीय त्यांनी एक सांगा. ती दारात उभी राहिली तेव्हा तिला पहिलं काय विचारलंत? तीन आखाज्या झाल्या, मी विसरत चाललेय.