चक्क्याखालचा बर्फ

बहिणीच्या लग्नात श्रीखंडाचा चक्का माझ्या विधवा आत्यानं बांधला होता. तो टिकावा म्हणून पुण्याहून मोटारीनं, भुसा भरलेल्या गोणीतून बर्फाची लादी भोरला आणली आणि राखायला माझ्याकडे दिली. संध्याकाळी वऱ्हाडी म्हणाले, "बर्फ आहे म्हणे! मग पन्हं कोमट का हो?" मी ऐटीत लादी फोडून वाटली.

सकाळी चक्का आंबला होता. काकू कडाडली, "तरी म्हटलं होतं, विधवेचा हात लागू देऊ नका!"

आत्यानं रिकामी गोणी पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं, आणि मुकाट्यानं मागच्या दारी गेली. बर्फ मी वाटला, एवढंही माझ्यानं बोलवलं नाही. पुन्हा कुठल्याही कार्यात तिनं कशाला हात लावला नाही. हे लिहितोय तेही ती गेल्यावर.