आधी खाली, मग वर जाणारी लिफ्ट

"पवारजी, मला सातव्यावर जायचं असतं आणि तुमची लिफ्ट मला आधी खाली घेऊन जाते. मी काय घुमायला निघालेय का?"

फोनवर वसुधाताई होत्या. शाळेतून रिटायर झालेल्या, तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या. सातव्यावर त्यांची बहीण राहते, त्यामुळे दिवसाला तीन-चार चकरा ठरलेल्या. त्या आठवड्यातला त्यांचा हा पाचवा फोन होता.

मी इंदूरमध्ये लिफ्टच्या सर्व्हिसचं काम बघतो. एकतीस वर्षं झाली. आमचे पूर्वज संस्थानच्या फौजेत घोडे सांभाळायचे असं घरी फार अभिमानाने सांगतात. मी लिफ्ट सांभाळतो. घोड्याला निदान कुठे जायचंय हे एकदाच सांगून भागत असावं.

इमारत बायपासजवळची, दहा मजली, नवी कोरी. तक्रारी तीन. पहिली वसुधाताईंची: वर जायचं असलं तरी लिफ्ट आधी तळमजला दाखवून आणते. दुसरी गाडीवाल्यांची: बेसमेंटच्या पार्किंगमधून वर येताना लिफ्ट तळमजल्यावर थांबते, दार उघडते, बाहेर कुणी नसतं. तिसरी सगळ्यांचीच: तळमजल्यावर दार बंद होता होता पुन्हा उघडतं. एकदा नाही, चार-चार वेळा. आठव्या मजल्यावरच्या एका कुटुंबाने लिफ्टमध्ये भूत असल्याचं जाहीर करून दारात लिंबू-मिरची टांगली. ती दाराच्या सेन्सरसमोर लोंबायला लागली आणि दार बंद व्हायचंच थांबलं. भुताची खात्री पटली.

या सगळ्याचं खापर नंदकिशोरवर फुटलं. नंदकिशोर मोरे आमचा मेकॅनिक. परदेशीपुऱ्यात वाढलेला, वडील मिलमध्ये होते. वीस वर्षं आमच्याकडे, पण कॉन्ट्रॅक्टवर. या लिफ्टची सगळी वायरिंग त्याची. सोसायटीचे चेअरमन भालेरावजी यांनी कंपनीला पत्र दिलं की वायरिंग चुकीची आहे आणि हा माणूस आम्हाला नको. आमचे ब्रँच मॅनेजर सक्सेना साहेब पत्र वाचून दोन वाक्यं बोलले.

"पवार, सोमवारपर्यंत लिफ्ट ठीक झाली पाहिजे. नाहीतर नंदकिशोर आउट."

त्या दिवशी बुधवार होता. चुकीची वायरिंग केली म्हणून काढलेल्या पन्नाशीच्या मेकॅनिकला या शहरात दुसरी कंपनी उभी करत नाही. हे मला ठाऊक होतं, त्यालाही ठाऊक होतं.

तरी मी जाऊन आधी त्यालाच झापलं.

"काय करून ठेवलंस रे?"

"साहेब, सगळ्या वायर आपापल्या नंबरावर आहेत. तुम्ही देख लो."

"मग लिफ्ट काय तिच्या मनाने खाली जाते?"

तो पक्कड पुसत उभा राहिला.

आम्ही कामाला लागलो. लिफ्टच्या वर, मशीन रूममध्ये, एक कपाट असतं, त्याला कंट्रोलर म्हणतात. तो लिफ्टचा मेंदू. तुम्ही बटण दाबलं की तो त्या मजल्याची मागणी नोंदवतो आणि त्याप्रमाणे गाडी, म्हणजे आपण उभे राहतो ती लिफ्टची पेटी, हलवतो. आम्ही त्यातलं कार्ड बदललं. केबल तपासल्या. दारात 'काम चालू आहे' असा बोर्ड लावून पन्नास वेळा खाली-वर गेलो. लिफ्ट अगदी शहाण्यासारखी चालली. बोर्ड काढला आणि दहा मिनिटांत वसुधाताईंचा फोन आला.

शुक्रवारी मी कंट्रोलरमधली नोंद काढून बघितली. कुठल्या वेळी कुठल्या मजल्याची मागणी आली हे त्यात राहतं. नोंद स्पष्ट होती. लिफ्ट मनाने जात नव्हती. तळमजल्याचं बटण खरंच दाबलं जात होतं, दिवसाला शेकडो वेळा.

आता या बटणाबद्दल सांगायला हवं.

मी नोकरीला लागलो तेव्हा जुन्या लिफ्टमध्ये बटणं नव्हतीच. पितळी हँडल आणि खाकी शर्टातला लिफ्टमन. गाडी कुठे आहे ते दारावरच्या अर्धगोल तबकडीतला काटा सांगायचा, आणि तो साधारण अंदाजे सांगायचा. मग काळी, जाडजूड बटणं आली. ती अंगठ्याने रेटावी लागायची, टक्क असा आवाज व्हायचा आणि तो आवाज आला की माणूस निश्चिंत उभा राहायचा. काट्याच्या जागी ओळीने आकडे आले, ज्या मजल्यावर गाडी त्याच्यामागे बल्ब पेटायचा. नंतर लाल रेघांचे आकडे, मग सरकणारे बाण, आणि आता छोटा टीव्ही, ज्यात मजल्याचा आकडा एका कोपऱ्यात असतो आणि उरलेल्या जागेत प्लॉटची जाहिरात. बटणंही नाजूक झाली. आताचं बटण नखाएवढ्या दाबाने लागतं आणि भोवतीची कडा उजळते. आवाज नाही. म्हणून लोक तेच बटण तीनदा दाबतात.

या इमारतीत तळमजल्याच्या बटणावर आम्ही नेहमीप्रमाणे शून्य दिलं होतं. भालेरावजींना ते पटलं नाही.

"पवारजी, माणूस सकाळी धंद्याला निघतो आणि शून्यावर उतरतो? ऐसा नहीं चलेगा, भिया."

मग त्यांनी स्वतः एक पितळी बटण घडवून आणलं. त्यावर गणपती. बनवल्यावर खजरान्याच्या गणपती मंदिरात नेऊन बाप्पाच्या पायाशी ठेवून आणलं. काम सुरेख होतं, खोटं कशाला बोलू. आम्ही ते तळमजल्याच्या जागी बसवलं, कडेचा लाल दिवा जोडला आणि सोसायटीने पेढे वाटले.

नंदकिशोरने हे बटण दोनदा मागच्या बाजूने उघडून तपासलं होतं. ते ठणठणीत होतं. मग ते दाबत कोण होतं?

शनिवारी सकाळी मी वॉचमनचं स्टूल घेतलं आणि लिफ्टच्या कोपऱ्यात बसलो. बोर्ड लावला नाही.

पहिले आले एक जोशी नावाचे गृहस्थ, बेसमेंटमधून, हातात गाडीची किल्ली. त्यांनी आत पाऊल ठेवलं, उजव्या हाताची बोटं गणपतीला लावली, मग कपाळाला, मग छातीला. कडा लाल उजळली. त्यांचा चेहराही जरा उजळला. मग त्यांनी सहा नंबर दाबला. लिफ्ट तळमजल्यावर थांबली. दार उघडलं. जोशी माझ्याकडे बघून म्हणाले, "बघा, बघा! हेच!"

मी नुसती मान डोलावली. मला आणखी पुरावा हवा होता.

तळमजल्यावर चौघांचं कुटुंब चढलं. वडिलांनी बाप्पाला हात लावला. लिफ्ट आहे त्याच मजल्याचं बटण दाबलं की दार पुन्हा उघडतं, तसा नियमच आहे. दार उघडलं. बंद होताना आईने हात लावला. पुन्हा उघडलं. मग मुलीने. धाकट्याचा हात पोचेना म्हणून वडिलांनी त्याला उचललं. चार माणसं, चार नमस्कार, चार वेळा दार.

मग तिसऱ्यावर वसुधाताई चढल्या.

"अगं बाई, पवारजी, तुम्ही इथे? बरं झालं. आता डोळ्यांनी बघा काय होतं ते."

त्यांनी चष्मा सावरला. बाप्पाला तीन बोटं लावली, डोळे मिटले, पुटपुटल्या. मग सात दाबला. लिफ्ट उभी असताना जी मागणी पहिली येते त्या दिशेला ती निघते. पहिली मागणी बाप्पाची होती. आम्ही खाली निघालो.

"बघितलंत?" वसुधाताई विजयी आवाजात म्हणाल्या. "वायरिंग!"

जुनं बटण असतं तर काही झालं नसतं. त्याला अंगठा रेटावा लागायचा, आणि देवाला कुणी अंगठा रेटत नाही. नव्या बटणाला भक्ती आणि मागणी यांतला फरक कळत नव्हता. शिवाय हात लावला की दिवा लागायचा. बाप्पाने ऐकलं असं प्रत्येकाला वाटायचं. ऐकत होता कंट्रोलर.

वर मशीन रूममध्ये जाऊन मी नंदकिशोरला सांगितलं. तो हसला नाही.

"चार दिवस तू इथे आहेस. एकदाही नाही दिसलं तुला?"

"आपण बोर्ड लावतो ना साहेब. बोर्ड लावला की लोक येतात कुठे?"

"आणि तू स्वतः कधी नाही हात लावलास?"

त्याने दोन्ही तळवे दाखवले. ग्रीसने काळे. "हे हात लावू का बाप्पाला? मी दुरूनच करतो."

रविवारी भालेरावजींच्या घरी गेलो. सगळं समजावून सांगितलं. त्यांनी पोहे खाऊ घातले आणि शांतपणे ऐकून घेतलं.

"मतलब, लोकांनी बाप्पाला हात लावू नये असं तुमचं म्हणणं आहे?"

"नाही हो. हात लावू देत. फक्त त्या बटणाला लिफ्ट जोडलेली नको."

यावर एक तास चर्चा झाली. शेवटी ठरलं ते असं: बाप्पा पॅनेलच्या वरच्या बाजूला, मानाच्या जागी. त्याच्या मागे फक्त दिव्याची वायर. हात लावला की लाल कडा उजळणार, बाकी काही होणार नाही. तळमजल्याला साधं बटण, शून्याऐवजी चांदणी. नंदकिशोरने ते काम दुपारी दोन तासांत केलं. संध्याकाळी लिफ्ट सुतासारखी सरळ झाली. वसुधाताई तिसऱ्यावरून थेट सातव्यावर पोचल्या आणि त्यांनी मला फोन केला.

"आता कशी मस्त चालते! नवा मेकॅनिक दिला ना तुम्ही?"

आता उरलं होतं नंदकिशोरविरुद्धचं पत्र. मी भालेरावजींना म्हटलं, तेवढं मागे घ्या.

"भिया, मी काय लिहून देऊ? की बाप्पामुळे लिफ्ट बिघडली होती? आणि बटण मी दिलं होतं? पुढच्या मीटिंगमध्ये लोक मला चेअरमन ठेवतील का? लिफ्ट ठीक झाली ना? बात खत्म."

सोमवारी सक्सेना साहेबांनी फाइल उघडली. नंदकिशोर बाहेर बाकावर बसला होता.

"लिफ्ट चालते, छान. पण तक्रार फाइलमध्ये आहे, म्हणजे कुणाची तरी चूक लिहावी लागेल. गणपतीचं नाव लिहिता येत नाही. क्लायंटचंही नाही. वायरिंगवाल्याचं आधीच लिहिलेलं आहे."

मी म्हटलं, पॅनेलचं ड्रॉइंग बघू. कुठल्याही बटणात बदल केला की ड्रॉइंगवर मंजुरी लागते, आणि मंजुरी देणाऱ्याने विचार करायचा असतो की याला कोण, कसा हात लावेल. शिपायाने ड्रॉइंग आणलं. तळमजल्याच्या गोलात पेन्सिलने 'अ‍ॅज पर क्लायंट' लिहिलेलं होतं. खाली मंजुरीची सही होती.

सही माझी होती. भालेरावजींकडे चहा पिता पिता केलेली. मी ती साफ विसरलो होतो, किंवा इतके दिवस विसरणं सोयीचं गेलं होतं.

खरं सांगतो, मोह झाला. 'पॅनेलमध्ये दमट हवा' असं एक कारण आमच्या धंद्यात फार उपयोगी पडतं आणि ते कुणी तपासत नाही. पण ते मे महिन्यात इंदूरमध्ये लिहायचं म्हणजे सक्सेना साहेबसुद्धा हसले असते. आणि दमट हवेने पत्रावरचं नंदकिशोरचं नाव पुसलं गेलं नसतं. मी लिहिलं: वायरिंग निर्दोष. बटणाच्या रचनेत चूक. मंजुरी माझी.

मला मेमो मिळाला आणि त्या वर्षीचं प्रमोशन गेलं. नंदकिशोरचं कॉन्ट्रॅक्ट राहिलं. दिव्यापुरती वायर असलेला बाप्पा हेड ऑफिसला इतका आवडला की आता तो कंपनीच्या कॅटलॉगमध्ये आहे, 'डिव्होशनल पॅनेल' या नावाने. कल्पना सक्सेना साहेबांची म्हणून छापली आहे.

रिपोर्टची कॉपी मी स्वतः नंदकिशोरला नेऊन दिली. तो आभार मानेल अशी माझी अपेक्षा होती, लपवत नाही. त्याने उभ्या उभ्या सगळी वाचली. घडी घालून खिशात ठेवली.

"साहेब," तो म्हणाला, "चूक तुमची होती, तर त्या दिवशी मला का बोललात?"

मला लाज वाटली. अजून वाटते.

त्यानंतर तक्रार आली की मी पहिल्यांदा ड्रॉइंग मागवतो आणि खालची सही बघतो. मेकॅनिकला फोन त्यानंतर करतो. बऱ्याचदा करावा लागत नाही.