काचेवरच्या बांगड्या

माघ सरत आला की सोलापुरातलं ऊन सकाळीच जाणतं होतं. आमच्या स्वयंपाकघराच्या पूर्वेकडच्या झरोक्यातून ते तिरपं आत उतरे, चुलीच्या धुरात त्याची एक निळसर पट्टी उभी राही, आणि शेकत्या ज्वारीचा वास त्या पट्टीतून वर चढत असताना तो डोळ्यांना दिसतो आहे असाच भास होई. आजही कुणाच्या घरून भाकरीचा वास आला की मला भूक लागत नाही. त्याच्या पाठोपाठ दुसरा वास येतो, छायाचित्रं धुवायच्या हायपोचा आणि ओल्या काचेचा, आणि मन आपसूक खाली बसतं. या दोन वासांच्या मध्ये कुठंतरी माझी बहीण उभी आहे. तिच्याविषयी मी आजवर कुणाशी मोकळेपणी बोललो नाही.

मी शाळेत चित्रकला शिकवतो. तरुणपणी पुण्याच्या एका कंत्राटदाराकडून जुना तिपाई कॅमेरा हाती आला आणि मला छायाचित्रांचं वेड लागलं. काचेच्या पट्ट्या, डोक्यावर घ्यायचं काळं कापड, भिंगावरचं झाकण काढून मनात मोजायचे आकडे, सगळं धीराचं काम. पण माझं वेड चमत्कारिक होतं. देवळाचे कळस, संस्थानिकांच्या स्वाऱ्या, किल्ल्याचे बुरूज यांत मन रमेना. मला हवा असे रोजचा, कुणाच्या नजरेत न येणारा विषय. गिरणीचा भोंगा होऊन गेल्यावर रिकाम्या पडलेल्या रस्त्यावरची कोवळी उन्हं, विणकरांच्या गल्लीत बांबूंवर वाळत घातलेल्या सुताच्या लडी, तळ्याच्या पायरीवर धुवून पालथी घातलेली एकटी घागर. त्या गल्लीत सूत उलटंपालटं करणाऱ्या एका तेलुगू म्हातारीला मी एकदा चित्र नेऊन दाखवलं. तिनं ते उन्हात धरून पाहिलं, मागची बाजूही पाहिली, आणि म्हणाली, "लाल बी काळं, हिरवं बी काळं. मग आमी हात रंगवून घेतो कशापायी रे बाबा?" त्या काळच्या काचेला तांबडा रंग दिसतच नसे. जिथं तांबडं असेल तिथं चित्रात नुसता काळोख उमटे.

सुटीत मी बाहेर पडे. बार्शीच्या धाकट्या रेल्वेनं जाऊन धान्यबाजारात हिंडे, झटकून वाळत टाकलेल्या पोत्यांच्या सुरकुत्यांत दमलेल्या माणसांच्या पाठी शोधत राही. मंद्रूपच्या आठवडी बाजारात एकदा एका म्हशीच्या ओल्या पाठीवर सकाळ अशी काही उतरली होती की मी तिथंच तिपाई मांडली. भोवती गर्दी जमली. म्हशीचा मालक कमरेवर हात ठेवून म्हणाला, "मास्तर, म्हशीचा फोटू काढताय व्हय? आन् मालक काय मेलाय?"

"म्हैस गप उभी राहते," मी कापडाखालून म्हटलं. "तुम्ही राहाल का?"

"न्हाय बा. बायकू म्हंती, मी झोपेत बी गप नसतोय."

सगळा बाजार हसला. म्हैस तेवढी हलली नाही. ते चित्र फार चांगलं आलं, आणि मी ते घरी आणून सर्वांत आधी अक्काला दाखवलं.

अक्का माझी थोरली बहीण. लहानपणीच तिचं लग्न झालं, आणि सासरचा उंबरा पायाच्या ओळखीचा व्हायच्या आत ती कायमची आमच्या घरी परतली. मला कळायला लागलं तेव्हापासून ती मला विधवेच्या तांबड्या अलवणात, डोईवरून पदर घेतलेलीच आठवते. आई लवकर गेली. मला वाढवलं अक्कानं, शिकवलं वडिलांनी, आणि लोक नेहमी दुसऱ्या गोष्टीचाच उल्लेख करत. माझं लग्न झालं, मुलं झाली, आणि घर तिच्या दोन हातांवर तसंच चालत राहिलं. माझी पत्नी तिला मान देई. "वन्सं, मी करते की," असं रोज म्हणे, आणि अक्का रोज न ऐकल्यासारखं करी.

दिवाळीच्या पाडव्याला अंगणात घराचं एक छायाचित्र काढायचा मी परिपाठ घातला होता. अक्का मुलांच्या टोप्या सरळ करी, पत्नीच्या खांद्यावरचा पदर नीट बसवी, वडिलांच्या खुर्चीखाली पाचर सारी, आणि मी काळ्या कापडाखाली शिरलो की कुणी न सांगता आत निघून जाई. तशी रीतच होती. विधवा बाई शुभ दिवसाच्या चित्रात येत नाही, हे तिला आणि आम्हा सगळ्यांना इतकं अंगवळणी पडलं होतं की तिला कुणी जा म्हटलं नाही. आणि थांब असंही कुणी म्हटलं नाही.

स्वयंपाकघरातल्या चित्राची कल्पना तिचीच. "गावभर हिंडतोस," ती एकदा म्हणाली, "आणि इथं रोज सकाळी ऊन येऊन परातीत बसतं, ते कुणी बघायचं?" दुसऱ्या दिवशी मी चुलीसमोर तिपाई लावली. ऊन आलं, परातीच्या काठावरून घसरून पिठावर उतरलं. पण नुसती परात निर्जीव दिसत होती.

"अक्का, भाकरी थाप."

"मी येईन की रे त्यात."

"फक्त हात येईल."

ती क्षणभर थांबली. मग पदर मागं सारून बसली, गोळा थापला, आणि मी सांगितल्यावर हात तसाच भाकरीच्या कडेवर स्थिर ठेवला. मी आकडे मोजत होतो. तिचा श्वाससुद्धा थांबलेला होता. झाकण लावल्यावर म्हणाली, "झालं? भाकरी वाळली बघ तुझ्यापायी," आणि हसली. ती पोटभर हसे तेव्हा तोंडावर पदर धरायचं विसरून जाई.

दुपारी कोठीच्या खोलीत घोंगड्यांनी खिडकी बुजवून मी ती काच धुतली, तांबड्या दिव्यापुढं धरली, आणि वाळल्यावर तिच्यावरून कागदावर छाप काढला. आयुष्यात एवढं चांगलं चित्र मी ना त्याआधी काढलं ना त्यानंतर. थोड्याशा सुजलेल्या पेरांचा, कामानं कसलेला, पण विलक्षण शांत असा हात गाढ काळोखातून पुढं आला होता, आणि त्याच्या बोटांपाशी पिठावर सकाळ टेकली होती. पुढं पुण्यातल्या प्रदर्शनाच्या परीक्षकांनी त्या काळोखाला माझी छायाप्रकाशाची जाण म्हटलं. ती जाण नव्हती. ते अक्काचं तांबडं अलवण होतं.

प्रदर्शनाला पाठवण्याआधी मी ते चित्र गावातल्या एका स्टुडिओवाल्या स्नेह्याला दाखवलं. तो बराच वेळ बघत राहिला. "हात सुरेख आहे हो मास्तर. पण असा भुंडा हात? स्वयंपाकघरात, सकाळच्या पारी? बघणाऱ्याला अशुभ वाटायचं." तो आपला सहज बोलून गेला; त्याला दोष देणं सोपं आहे, आणि मी तो बरीच वर्षं दिला. पण सुरी त्यानं हातात घेतली नव्हती.

काचेवरचं चित्र उलटं असतं. काळं हवं असेल तिथला थर सुरीच्या टोकानं खरवडून काढावा लागतो, उजळ हवं तिथं शिसपेन्सिलीनं भरावं लागतं. मी भिंग लावून बसलो आणि अक्काच्या मनगटावरचा थर नाजूकपणे, वळणावळणानं खरवडत गेलो. सरावलेला हात होता माझा. मनगटाच्या गोलाईबरोबर बांगड्या वळल्या, एकमेकींवर किंचित कलल्या, शिसाच्या बारीक ठिपक्यांनी त्यांच्यावर ऊनही चमकलं. मला त्या कामाचा आनंद झाला, हेही लिहून टाकतो. तळाशी मी नाव घातलं: गृहलक्ष्मी.

चित्राला पदक मिळालं. चौकटीत बसून ते आमच्या ओसरीवर लागलं आणि लोक बघायला येऊ लागले. पहिल्याच संध्याकाळी शेजारचे वकील माझ्या पत्नीकडं वळून म्हणाले, "वाहवा वहिनी! मास्तरांनी तुमच्या हाताचं सोनं केलं की."

पत्नीनं माझ्याकडं पाहिलं. तिच्या हातात पोह्यांच्या बशा होत्या. एक वाक्य पुरलं असतं, हा माझ्या बहिणीचा हात, एवढंच. पण त्या वाक्याच्या मागोमाग बांगड्यांचा प्रश्न येणार होता, हे मला दिसलं, आणि मी हसलो. नुसता हसलो. पत्नीनं बशा खाली ठेवल्या. आतल्या दाराच्या चौकटीशी तांबडं काहीतरी हललं आणि नाहीसं झालं.

मग किती लोक आले, किती वेळा तो हात वहिनींचा झाला. पत्नीनं कधी हो म्हटलं नाही. पण आत गेल्यावर ती कारण नसताना भांडी आपटी. अक्का नेहमीसारखी होती. एका दुपारी मी शाळेतून लवकर परतलो, तेव्हा ती ओसरीवर एकटी उभी राहून चौकटीची काच पदरानं पुशीत होती. मला पाहून दचकली नाही. पुसतच राहिली, आणि मग चित्राकडं पाहत, पाणी हवंय का रे, असं विचारावं तशा आवाजात म्हणाली,

"बापू, हिरव्या काढल्यास का रे?"

"फोटोत रंग नसतो, अक्का," मी म्हणालो.

"हां," ती म्हणाली. "बरं असतं ते." आणि आत गेली.

त्यानंतर झरोक्यातून ऊन येत राहिलं, पण तिनं मला बोलावलं नाही. मीही तिपाई घेऊन त्या खोलीत गेलो नाही.

गेल्या पावसाळ्यात अक्का तापानं गेली. कुठलाही त्रास न देता, घरातली कामं उरकल्यावर आडवी व्हायची तशी. दिवस झाल्यावर मी माझ्या सगळ्या काचा उजेडात काढून बसलो. मला तिचा चेहरा हवा होता. पाडव्याची चित्रं एकामागून एक पाहिली: टोप्या सरळ होत्या, पदर नीट बसले होते, खुर्ची डगमगत नव्हती. तुळशीपुढची रांगोळी होती, उन्हात पालथे घातलेले तांबे होते, दोरीवरच्या धोतराची चुणी होती. रोजच्या गोष्टींचा शोध घेत मी पंचक्रोशी पालथी घातली होती, आणि त्या रोजच्या गोष्टी रोज करणारं माणूस एकाही काचेवर नव्हतं. होता तो एक हात. मी टर्पेंटाइनमध्ये कापूस भिजवून बांगड्या पुसायला घेतल्या. शिसाचे ठिपके गेले, त्यांच्यावरचं ऊन गेलं. पण खरवडलेला थर परत भरत नाही. तिच्या मनगटाच्या जागी काच आता नुसती आरपार आहे. तिथं तिचं मनगटही उरलेलं नाही, माझ्या बांगड्याही नाहीत, आणि छापावं तर काळ्या रेषा मात्र तशाच उमटतात.

मी ठरवलं, आता विचारील त्याला सांगायचं. परवा शाळेत नव्यानं आलेले एक शिक्षक सपत्नीक घरी आले. बाई चित्रापुढं थबकल्या. "वहिनींचा ना हा हात?"

"नाही," मी म्हणालो. आवाज माझा मलाच परका वाटला. "माझ्या बहिणीचा. ती गेली यंदा."

त्या बाईंनी हात जोडले. डोळे खरोखरच भरून आले त्यांचे. "अहेव गेल्या, भरल्या बांगड्यांनी," त्या हळूच म्हणाल्या. "भाग्याच्या हो."

पत्नी दारात उभी होती. माझ्या ओठांवर सगळं होतं: तो हात भुंडा होता, त्या बांगड्या मी खोट्या काढल्या, त्याबद्दल पदक घेतलं. इतकी वर्षं मी याच क्षणाला भीत होतो, आणि हल्ली त्याचीच वाट पाहत होतो. आणि नेमकं तेव्हाच मनात आलं की अक्कानं त्या दुपारी विचारलं ते रागानं, की थट्टेनं, की खरंच तिला रंग जाणून घ्यायचा होता, हे मला ठाऊक नाही. मी तो तिचा घाव समजून चाललो, कारण घाव समजलं की अपराध कसा नेमका हातात येतो. पण ती पुसत होती ती काच फार सावकाश पुसत होती. क्षणभर का होईना, त्या बांगड्या तिला आवडल्या असतील तर? मग आज चारचौघांत खरं बोलून, तिच्या लहानपणी घरच्या वडीलधाऱ्यांनी तिच्या बांगड्या फोडल्या, तेच मी पुन्हा करणार होतो.

"नाही," मी म्हणालो. "ती लहानपणीच विधवा झाली. बांगड्या मी काचेवर काढल्यात."

त्या बाई पुन्हा चित्राकडं वळल्या आणि मनगट बघू लागल्या. आता त्यांना त्या रेषांच्या जागी काय दिसत होतं, कोण जाणे. पत्नी आत गेली. जाताना तिनं माझ्याकडं पाहिलं, ते मला नीट वाचता आलं नाही. मी खरं बोललो होतो. ते अक्कासाठी बोललो की माझ्यासाठी, एवढं अक्काला विचारायला हवं होतं, आणि माझ्या घरात ते मला सांगू शकेल असं आता कुणी नाही.