वजनात बसत नाही

कस्टममामीनं मला कधी 'ये' म्हटलं नाही. दार उघडायची ती माझ्या हातातल्या पिशवीकडे बघतच. "काय आणलंस?" मग, "कुणासाठी?" आणि मी अजून बूट काढतोय तोवर, "वजन किती?" सख्खी मामी ती माझी एकट्याची. पण कस्टममामी हे नाव तिला डिस्कव्हरी गार्डन्समधल्या त्यांच्या अख्ख्या बिल्डिंगनं दिलं होतं, आणि ते कौतुकानं दिलेलं नव्हतं.

इथून, आखातातून, कुणी गावी निघालं की ओळखीपाळखीचे सगळे आपापली पाकिटं घेऊन हजर होतात. "एवढंसंच आहे हो, अर्धा किलो." मामीच्या पर्समध्ये बॅगा मोजायचा हुकाचा काटा कायम असायचा. देणाऱ्याच्या तोंडासमोर ती पाकीट हुकाला लावायची आणि आकडा वाचून दाखवायची. "लोकांचा अर्धा किलो नेहमी पाऊण किलोचा असतो," असं तिचं मत होतं आणि ते ती पाकीट देणाऱ्यालाच ऐकवायची. वर निकाल ठरलेला, "वजनात बसत नाही. काढा." आईसाठी मी हौसेनं घेतलेलं मिक्सरचं भांडं तिनं एकदा ऐन विमानतळावर माझ्या बॅगेतून काढून माझ्याच हातात दिलं. मनातल्या मनात मी तिला तेव्हा जे बोललो ते इथे लिहिता येणार नाही.

गोड बोलणं तिला जमतच नसे. वॉचमनशी भांडण, भाजीवाल्याशी भांडण, एसी दुरुस्त करायला आलेल्याशी तर तो यायच्या आधीपासून भांडण. नोकरीला नवा आलो तेव्हा मी तिच्याकडेच राहिलो आणि आल्या आल्या टायफॉइडनं आडवा झालो. तिनं मला पेज भरवली ती चमच्यागणिक बोलणी खायला लावून. "आजारी पडायला गाव नव्हतं का तुला? तिकीट काढून इथे यायचं आणि मग पडायचं?" मी बरा झालो, पण पेजेचं नाव काढलं की अजून माझं डोकं फिरतं.

तिचं खरं वैर होतं मामाच्या गाडीशी. मामा एका बांधकाम कंपनीत इंजिनिअर. अबोल माणूस. पण पन्नाशी उलटल्यावर त्यानं एक जुनी जर्मन स्पोर्ट्स कार घेतली, दोनच सीटची. थंडीच्या दिवसांत सुट्टीच्या सकाळी तो ती रेसच्या ट्रॅकवर पळवायला न्यायचा. मामीही बरोबर जायची, मामाच्या सांगण्याप्रमाणे तिथे सावलीत वाचत बसायला. मामी तिला गाडी म्हणत नसे. "त्या बयेची अंघोळ झाली का?" असं विचारायची. ह्या रागाला कारण होतं. गुहागरला त्यांचं घर बांधून तयार होतं, कुलूप लावलेलं, आणि मामीचा जीव तिकडे लागलेला. मामा दरवर्षी म्हणायचा, "गाडी विकली की निघू." आणि दरवर्षी गाडी तिथेच. म्हणजे ती बया मामीच्या दारात आडवी पडली होती असंच म्हणायचं.

मग एकदा ट्रॅकवरून परतताना ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरायला लागलं. शारजाच्या औद्योगिक भागात दापोलीच्या इक्बालभाईंचं गॅरेज आहे, तिथे मामानं गाडी नेली. मागून माझ्या गाडीतून मी, आणि कुणी बोलावलं नसताना मामी. चाकं उतरवली. ब्रेकच्या डिस्क दिसायला ठणठणीत, जाडी कुठे कमी नाही.

"बघा, कार्बन सिरॅमिक आहेत," मामा म्हणाला. "लाइफटाइम टिकतात."

"कुणाच्या लाइफटाइम?" मामीनं विचारलं. "गाडीच्या की तुमच्या?"

इक्बालभाईंनी हसू दाबलं. "भाभी, रोडवर चालवली तर टिकतात. ट्रॅकवर तापून तापून आतला कार्बन जळतो. जाडी तेवढीच राहते, वजन उतरतं. कमीत कमी किती पाहिजे ते डिस्कवरच छापलेलं असतं. त्याच्या खाली गेली की खलास."

वजन हा शब्द कानावर पडला आणि मामीनं पर्स उघडली. इक्बालभाईंकडे चांगला काटा होता. "तुमचा काटा तुमच्या बाजूनं बोलणार," असं त्यांना तोंडावर सांगून तिनं बॅगेचा पट्टा डिस्कच्या मधल्या भोकातून ओवला आणि आपल्या हुकाला लटकवला. एकेक डिस्क उचलून धरायचं काम अर्थात माझं. पुढच्या दोन्ही छापील आकड्याच्या खाली भरल्या. नंतर इक्बालभाईंचा काटाही तेच म्हणाला, तेव्हा तिला जरा वाईटच वाटलं, भांडायला काही उरलं नाही म्हणून. नवीन डिस्कची किंमत इक्बालभाईंनी दिरहममध्ये सांगितली, मामीनं ती रुपयांत करून मोठ्यानं म्हटली, आणि मामा तिथल्या टायरवर बसला. लोखंडी डिस्क बसवायचा स्वस्त मार्ग होता. पण मामा म्हणाला, "ह्या गाडीला लोखंड? त्यापेक्षा विकून टाकतो."

मामीला झालेला आनंद आम्हाला त्रासदायक होता. तिनं गुहागरला फोन करून विहीर उपसायला सांगितली, बाल्कनीतल्या कुंड्या वाटल्या, आणि ज्यांना वाटल्या त्यांना पाणी किती घालायचं ह्यावरून झापलं. कपाटं रिकामी होऊ लागली. तिला गुणगुणताना मी पहिल्यांदा तेव्हा ऐकलं.

गिऱ्हाईक मी आणलं. माझ्या ऑफिसातला नाशिकचा मुलगा, अबू धाबीला खलिफा सिटीत राहणारा. शनिवारी बायकोला घेऊन आला. गाडी बघून त्याचे डोळे चमकले. ब्रेकचा विषय निघाला तेव्हा मामा म्हणाला, "कार्बन सिरॅमिक. बघायचंच काम नाही." मी गप्प होतो. गाडी घेणारानं आपलं आपण तपासून घ्यावं, जुन्या गाड्यांच्या बाजारात सगळीकडे हीच रीत आहे. सौदा ठरला. मुलगा हात पुढे करणार, एवढ्यात मामी स्वयंपाकघरातून पोह्यांच्या बश्या घेऊन आली. मागोमाग त्याची बायको. मामीनं बश्या टेबलावर ठेवल्या आणि त्या मुलाला म्हणाली, "पुढच्या दोन्ही डिस्क वजनात बसत नाहीत."

"म्हणजे?" तो म्हणाला.

मामीनं त्याला सगळं सांगितलं. जळतात कशा, आकडा कुठे छापलेला असतो, भरला किती. अगदी इक्बालभाईंच्या गॅरेजचा पत्तासुद्धा.

"अगं, तू आत जा," मामा म्हणाला.

"आत कशाला? मी माझ्या घरात उभी आहे."

तो मुलगा भला. "विचार करून सांगतो, काका," म्हणाला. पोहे खाऊन दोघं गेली आणि पुन्हा फिरकली नाहीत.

दार लागल्यावर जे भांडण झालं तसं दुसरं मी त्या घरात पाहिलं नाही. मामा ओरडला, "तुला जायचंच नव्हतं!" कुंड्यासुद्धा वाटून बसलेल्या बाईला हे! मामी म्हणाली, "लोखंडाच्या टाका, खरं सांगा आणि विका. मी उद्या निघते." मामाचा हेका सुटेना. गाडीवर कव्हर चढलं आणि जायचं नाव संपलं. मीही तिच्यावर भयंकर चिडलो होतो. ऑफिसात तो मुलगा माझ्याशी कामापुरतं बोलायला लागला होता. मी मामीशी बोलणं टाकलं. मी बोलत नाही हे तिच्या बऱ्याच दिवसांनी लक्षात आलं, तेव्हा म्हणाली, "तरीच घरात शांतता आहे."

वर्षभर वाट बघून ती एकटीच निघाली, कायमची. मामानं सुट्टी घेतली नाही. विमानतळावर सोडायला मी गेलो आणि वाटेत मला राहवलं नाही. "मामी, गाडी जात होती, तुम्ही दोघं जात होता. तुला गप्प बसायला काय झालं होतं?"

"ती पोरगी स्वयंपाकघरात आली होती," मामी म्हणाली. "मला विचारते, काकू, काकांच्या शेजारी बसून भीती नाही वाटत? आता तिला काय सांगू?"

"तू कुठे बसतेस शेजारी? तू तर ट्रॅकवर सावलीत बसून वाचत असायचीस ना?"

"तसं तुझा मामा सांगतो. एक दिवस चुकवला नाही मी. मळमळायचं, तरी हेल्मेट घालून बसायचे. मी शेजारी असले की हे ब्रेक लवकर दाबतात." मग नेहमीच्या सुरात, "आता तू बस. नुसता जेवायला येतोस ना आमच्याकडे? आणि त्या डिस्क बदलल्याशिवाय त्यांना तिकडे जाऊ देऊ नकोस." एवढं बोलून ती ट्रॉली ढकलत आत गेली. मागे वळून बघितलंसुद्धा नाही.

ती गेल्यावर महिन्याभरात मामानं गुपचूप लोखंडी डिस्क बसवल्या. "तिला सांगू नकोस," म्हणाला. गाडी मात्र अजून विकायला काढत नाही. सुट्टीच्या सकाळी मी दातओठ खात त्याच्या शेजारी बसतो आणि प्रत्येक वळणाला मामीच्या नावानं बोटं मोडतो. मला तिची एवढी आठवण येईल असं वाटलं नव्हतं, आणि त्याचाही मला रागच येतो. परवा फोनवर तिनं विचारलं, "बसतोस ना?" म्हटलं, बसतो. तिला हे काही सांगितलं नाही, की मी शेजारी असलो तरी मामा ब्रेक उशिराच दाबतो.