काकीच्या पाइपातली चकती

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय, तेही धड कळत नाही — पण रोज सकाळी नळ सोडला की तेच आठवतं, आणि आता मला माझाच वीट आलाय.

आमची विहीर सामाईक. माझी आणि शेजारच्या चुलतकाकीची. विहिरीजवळ टाकी एक, आणि तिच्यातून निघणाऱ्या पाइपाला दोन फाटे — एक तिच्याकडे, एक माझ्याकडे. दोन वर्षांपूर्वी माझं पाणी कमी झालं. गॅस गिझर पेटेना, बादली भरेपर्यंत कामाची वेळ टळायची. टाकी धुतली, नळ बदलले, बोर्लीहून प्लंबर आणला. दोन घरांना एक लाइन म्हटल्यावर असंच होणार, म्हणाला, आणि चहा पिऊन गेला. पलीकडे काकीचा नळ मात्र खळखळ वाहायचा. ती अळूला पाणी घालायची, तो आवाज ऐकून माझं डोकं फिरायचं. सत्तरीची एकटी बाई — हिला हवंय कशाला एवढं पाणी?

काकी श्रीवर्धनला लेकीकडे गेली, त्या दुपारी मी जुन्या चपलेच्या रबराची चकती कापली. मधोमध खिळ्याने भोक पाडलं. तिच्या फाट्याचा जोड पान्याने खोलला, चकती आत बसवली, जोड पुन्हा आवळला. पाच मिनिटांचं काम.

ती परतली तर नळाला सुतळीएवढी धार. तिने मलाच बोलावलं. दुसऱ्या कुणाला बोलावणार? मी गंभीर चेहऱ्याने सांगितलं, पाइप जुना झालाय, आत क्षार साठलेत. गुरं त्या जोडावर पाय देतात, तेवढं बघ, असं ती म्हणाली. मी तो जोड सिमेंटने बुजवून टाकला.

बरं, माझं पाणी तरी वाढलं का? जेमतेम. पंधरा दिवसांनी न्हाणीघरामागची फिल्टरची जाळी उघडली. गिझरसाठी मीच कधीतरी बसवलेली, आणि विसरलेलो. गाळाने गच्च भरली होती. ती धुतली आणि पाणी भसाभस आलं. दोष माझ्याच लाइनीत होता.

मग चकती का नाही काढली? छिन्नी लागली असती, आवाज झाला असता, आणि काकीने विचारलं असतं — काय करतोस रे? मी त्या एका प्रश्नाला घाबरलो. दोन वर्षं झाली, घाबरतोच आहे.

आता काकी सकाळी कळशी घेऊन विहिरीवर येते आणि दोराने पाणी ओढते. मी दिसलो तर भरलेली कळशी तिच्या ओट्यावर नेऊन ठेवतो. परवा ती म्हणाली, "माज्या नळाला काय पानी न्हाय रे बाबा. पन तू हायेस, म्हनून चाललंय."

मी कळशी ठेवली. घरी आलो आणि गरम पाण्याने अंघोळ केली. गिझर लगेच पेटला.

चकती अजून तिथेच आहे.