यादीतले वारलेले काका

प्रेमिला मेश्राम आमच्या सदर भागातल्या ऑफिसात टायपिस्ट म्हणून आली ती १९८७ साली, तीन महिन्यांच्या बोलीवर. त्याआधी ती जरीपटक्यातल्या एका छापखान्यात लग्नपत्रिका तपासायची. मी, मधुसूदन, तिथला प्रोग्रामर. तेव्हा माझं नाक भलतंच वर होतं.

सी भाषेतले प्रोग्राम तपासणारं एक टूल आम्ही बनवलं होतं. प्रोग्राममधले काही भाग अटीवर असतात: अमुक नाव ठरलेलं असेल तर हा भाग वाचा, नसेल तर सोडा. अशी काही नावं आमचं टूल आपल्या मनानेच ठरलेली धरायचं. ती कोणती, हे गिऱ्हाइकाला कळावं म्हणून माहितीपुस्तिकेत यादी होती. यादी माझी, प्रेमिलाने फक्त टाइप करायची. शनिवारी पुस्तिका टपालात पडली की आमचे मालक मनोहरराव तिला कायम करणार होते.

शुक्रवारी दुपारी तिने टायपिंग थांबवलं.

"काहून थांबलं वं काम?" मनोहररावांनी विचारलं.

"सर, यादीतलं 'युनिक्स' हे नाव टूलले माहीतच नाही. मी पुस्तिकेतल्यासारखा दोन ओळींचा प्रोग्राम चालवून पाहिला. अन् 'एमएसडॉस' टूल आपल्या मनानं धरते, तर ते नाव यादीत नाही."

"तुले कोणी तपासायले सांगितलं?" मी खेकसलो.

ती घाबरली नाही. म्हणाली, छापखान्यात एकदा थोरलीच्या पत्रिकेवरून धाकटीची पत्रिका छापली, तर निमंत्रकांत मधल्या काळात वारलेले काका हजर! "तवापासून उतरवलेल्या यादीवर माहा भरोसा नाही."

मनोहरराव खो खो हसले. मी मात्र गार पडलो. जुन्या युनिक्स मशीनवरच्या टूलची यादी मी या नव्या टूलसाठी जशीच्या तशी उतरवली होती. गिऱ्हाइकाने ती खरी मानली असती, तर त्याचे युनिक्सचे भाग टूलने न वाचताच सोडले असते आणि वर 'चूक नाही' म्हणून सांगितलं असतं.

शनिवार हुकला. प्रेमिलाने एकेक नाव चालवून पाहिलं, मी शेजारी बसून लिहून घेतलं. पुस्तिका मंगळवारी गेली. शनिवार हुकला म्हणजे नोकरी गेलीच असं धरून प्रेमिला आपला डबा पिशवीत भरू लागली.

"चालली कुठं?" मनोहरराव म्हणाले. "कायम केल्याचं पत्र टाइप कर. तुहंच आहे."

तिने डोळे पुसत पत्र टाइप केलं, तीनदा वाचलं आणि माझ्यापुढे धरलं.

"सर, तुमी तपासून द्या."

मी एकेक अक्षर तपासलं. आयुष्यात पहिल्यांदाच.